दिव्याचे आमिष आणि पाण्याचा हिशेब

थंडीतल्या अमावास्येच्या आसपास मालवण, देवगड किंवा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रात्री उभे राहिले, तर कधी कधी क्षितिजावर उजेडाची एक रेघ दिसते. नवख्या माणसाला वाटते, पलीकडे एखादे बंदर किंवा शहर असेल. गावातल्या मच्छीमाराला मात्र तिकडे काय चालले आहे ते लगेच कळते. जनरेटरवर चालणारे एलईडी दिवे पाण्यावर आणि पाण्याखाली सोडून कोणीतरी मासे गोळा करत असते. पहाटेपर्यंत त्या उजेडाभोवती पर्ससीनचे जाळे फिरते, आणि सकाळी छोट्या होडीतून जाळी टाकायला गेलेल्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

याच तंत्राचे एक लहान भावंड आता मासेमारीच्या सामानाच्या दुकानात आणि ऑनलाइन बाजारात सहज मिळते. बोटभर लांबीचा प्लास्टिकचा मासा, पोटात बारीक एलईडी आणि बटणाएवढी बॅटरी. पाण्यात पडताच तो लुकलुकू लागतो. काही नमुने थरथरतात, काही टकटक आवाजही करतात. हौशी गळवाले तो घेऊन खाडीवर, बंधाऱ्यावर, धरणाच्या काठावर जातात. कोणाला पहिल्याच दिवशी मोठा मासा लागतो, कोणी चार रात्री बसून रिकाम्या हाताने परततो. मग एक म्हणतो, हे आमिष अफलातून आहे. दुसरा म्हणतो, निव्वळ फसवणूक आहे.

दोघेही आमिषाबद्दल बोलत असतात, पाण्याबद्दल कोणीच बोलत नाही. विजेवरचे आमिष चालते की नाही, हे बहुतेक वेळा पाणी ठरवते. आणि हीच गोष्ट नीट समजून घेतली, तर कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर गेली काही वर्षे धुमसणाऱ्या एलईडी मासेमारीच्या वादात नेमके काय चुकते आहे, हेही स्पष्ट होते.

पाणी रंग खाते

हवेत प्रकाश कित्येक किलोमीटर जातो. पाण्यात त्याचे तसे नसते. पाणी प्रकाश शोषून घेते आणि प्रत्येक रंग वेगळ्या वेगाने शोषते. अगदी शुद्ध पाण्यातही लाल प्रकाश पाच मीटरवर जेमतेम पाचवा हिस्सा उरतो, दहा मीटरवर तीन-चार टक्के. त्याच दहा मीटरनंतर निळ्या प्रकाशाचा सुमारे नव्वद टक्के भाग शिल्लक असतो. म्हणून खोल समुद्र निळा दिसतो, आणि म्हणूनच दुकानात लालभडक दिसणारे आमिष खोल पाण्यात गेल्यावर काळपट ठिपक्यासारखे दिसते. माशाला ते लाल दिसावे, एवढा लाल प्रकाश तिथे पोहोचलेलाच नसतो.

पण किनाऱ्यालगतचे पाणी शुद्ध कधीच नसते. त्यात सूक्ष्म वनस्पती असतात, नद्यांनी आणलेला गाळ असतो, कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेला पिवळसर अर्क असतो. हा पिवळसर अर्क आणि वनस्पतींमधले हरितद्रव्य निळा प्रकाश आधी गिळतात. त्यामुळे किनारी समुद्रात सर्वांत दूर जातो तो हिरवा प्रकाश. चहाच्या पाण्यासारख्या तपकिरी जलाशयात तर निळा आणि हिरवा दोन्ही लवकर संपतात, आणि पिवळा-तांबडा प्रकाश तुलनेने तग धरतो.

माशांचे डोळेही त्या त्या पाण्याला जुळवून घेतलेले असतात. खोल समुद्रातल्या माशांची नजर निळ्या रंगाला तीव्र असते, किनारी माशांची हिरव्याकडे झुकलेली. गोड्या पाण्यातल्या अनेक माशांच्या डोळ्यांतले रंगद्रव्य लाल बाजूला सरकलेले असते. म्हणजे ‘सर्व माशांसाठी उत्तम’ असे पाकिटावर छापलेले कोणतेही रंगीत दिव्याचे आमिष शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. स्वच्छ खोल समुद्रात निळा-हिरवा, किनाऱ्यालगत हिरवा, तपकिरी तळ्यात पिवळसर किंवा पांढरा, हा साधा नियम त्या पाकिटापेक्षा अधिक उपयोगी आहे.

दिवा दुप्पट, पोहोच वीतभर

दुसरा प्रश्न गढूळपणाचा. मातीचे कण प्रकाश शोषतात आणि चहूकडे विखुरतातही. धुक्यात गाडीचे दिवे प्रखर केले, तर रस्ता दिसण्याऐवजी समोर पांढरी भिंत उभी राहते. गढूळ पाण्यात नेमके तेच होते.

याचा हिशेब सोपा आहे. समजा, एखाद्या खाडीत प्रत्येक मीटरमागे प्रकाश एक-तृतीयांशाहून थोडा जास्त उरतो. अशा पाण्यात दिव्याची ताकद दुप्पट केली, तर उजेडाची पोहोच फार तर सत्तर सेंटिमीटरने वाढते. दहापट केली, तरी सव्वादोन मीटर. याउलट, यापेक्षा दहापट स्वच्छ असलेल्या बाहेरच्या समुद्रात तीच दहापट वाढ उजेड वीसेक मीटर पुढे नेऊ शकते. शिवाय पोहोच दुप्पट झाली, की त्या उजेडात येणारे पाणी आठपट होते. म्हणून खाडीत जास्त ताकदीचे आमिष विकत घेणे म्हणजे बहुतांशी पैसे पाण्यात घालणे आहे. आणि स्वच्छ समुद्रात जास्त ताकदीचे दिवे लावणे म्हणजे फार मोठ्या पाण्यातले जीव एका जागी ओढणे आहे.

पाणी किती स्वच्छ आहे, हे मोजायला महागडे यंत्र लागत नाही. इटलीतील शास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात एक पांढरी तबकडी दोरीने सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते, ते मोजले. आजही जगभर तीच पद्धत वापरतात. पांढरा रंग दिलेली एक थाळी, एक वजन आणि हातहात अंतरावर गाठी मारलेली दोरी एवढे सामान पुरते. थाळी मीटरभरात दिसेनाशी होत असेल, तर तिथे दिव्याच्या आमिषावर फारसा भरवसा ठेवू नये. पाच-सहा मीटरपर्यंत दिसत असेल, तर मंद दिवाही पुरेसा असतो. तिथे प्रखर दिवा उलट मोठ्या, सावध माशाला बिचकवतो.

जिथे डोळे हरतात

गढूळ पाण्यातले मासे उपाशी मरत नाहीत, कारण त्यांच्याकडे डोळ्यांखेरीज इतर साधने असतात. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत जाणारी एक बारीक रेघ असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. आजूबाजूच्या पाण्याची हालचाल आणि हलकी कंपने ती टिपते. तिचा आवाका मात्र लहान असतो, साधारण माशाच्या शरीराच्या एक-दोन लांबींएवढा. थरथरणारे आमिष इथे उपयोगी पडते, पण ते माशाच्या नाकासमोरून गेले तरच.

आवाजाचे गणित वेगळे आहे. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर वेगाने जातो, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक. गढूळपणाने तो फारसा अडत नाही. रोहू, कटला, मृगळ आणि मिशीवाले शिंगाळ्यासारखे मासे एका मोठ्या गटात मोडतात. या गटात माशाच्या पोटातली हवेची पिशवी आणि आतला कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते. त्यामुळे त्यांना इतर अनेक माशांपेक्षा चांगले ऐकू येते. टकटक करणारे आमिष त्यांच्या कानावर दुरून पडते खरे. पण तो आवाज खाण्याचा वाटला तर मासा येईल आणि धोक्याचा वाटला तर पळेल. मिशीवाल्या माशांच्या मिशांवर तर चव ओळखणाऱ्या पेशी असतात. गढूळ पाण्यात त्यांच्यासाठी वासाचा साधा चारा कोणत्याही बॅटरीवाल्या खेळण्याला भारी पडतो.

जुने गरवणारे यातले बरेचसे अनुभवाने जाणतात. पाण्याचा रंग बघून चारा बदलणे, भरती-ओहोटी बघून जागा बदलणे, चांदण्या रात्री वेगळे आणि काळोखात वेगळे बसणे, ही त्यांची विद्या आहे. चांदणे असले की दिव्याचे आमिष फिके पडते, कारण सगळ्या पाण्यातच थोडा उजेड पसरलेला असतो. काळोखात तोच दिवा उठून दिसतो. मासा प्रखरपणापेक्षा आजूबाजूच्या पाण्याशी असलेला फरक बघतो.

काळोख आणि उधाण

उत्तर कोकणात याला आणखी एक पेच आहे. अमावास्येला काळोख असतो, पण त्याच दिवसांत समुद्राला उधाणही असते. मुंबईला मोठ्या उधाणाची भरती पाच मीटरच्या जवळ जाते. पालघरच्या पुढे खंभातच्या आखाताकडे ती आणखी वाढते. एवढे पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर झाले, की तळाचा चिखल ढवळून वर येतो. म्हणजे दिव्याला सर्वांत अनुकूल असा काळोख आणि त्याला सर्वांत प्रतिकूल असे गढूळ पाणी एकाच वेळी येतात. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी तुलनेने शांत आणि स्वच्छ असते, पण तेव्हा अर्धी रात्र चंद्र असतो. उत्तर कोकणातल्या कोळ्यांची डोल ही ओढीच्या जोरावर चालणारी जाळी आहे. तिला उजेडाची गरज नाही, पाण्याची ओढ पुरते. त्या पाण्याला शोभणारे तंत्र तिथे पिढ्यान्‌पिढ्या रुजले, हा योगायोग नाही.

दक्षिणेकडे चित्र बदलते. मालवण-गोव्याच्या पट्ट्यात उधाणाची भरतीसुद्धा सव्वादोन-अडीच मीटरच्या आसपास राहते. पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ ऑक्टोबरनंतर बसू लागतो. हिवाळ्यात किनाऱ्यापासून थोडे बाहेर गेले, की पाणी बऱ्यापैकी नितळ मिळते. काळोख आणि स्वच्छ पाणी इथे एकाच रात्री सापडते. बांगडा, तारली, माकूल यांचे थवेही याच पाण्यात असतात. एलईडी दिव्यांवरून सर्वाधिक भांडणे सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोव्याच्या समुद्रात व्हावीत, यामागे माणसांच्या लोभाइतकाच पाण्याच्या स्वभावाचाही वाटा आहे.

रात्रीचा दिवस

या पाण्यात मोठा दिवा लावला की काय होते? दिवस मावळल्यावर समुद्रातले कोट्यवधी सूक्ष्म प्राणी, म्हणजे प्राणिप्लवक, खोलातून वर येतात. अंधाराच्या आडोशाने ते चरतात आणि पहाटे शत्रूच्या नजरेआड पुन्हा खाली जातात. त्यांच्यामागे छोटे मासे येतात, छोट्यांच्या मागे मोठे. यांतल्या अनेक जीवांना उजेडाकडे जाण्याची उपजत ओढ असते. दिवा लागला की ही सगळी साखळी एका ठिकाणी गोळा होते. माकूल मात्र बहुधा थेट उजेडात थांबत नाही. ते बोटीच्या सावलीत दबा धरून बसते आणि उजेडात आलेल्या छोट्या माशांवर झडप घालते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. थवा करून पोहणारे अनेक मासे दिवसा एकमेकांना बघून थवा टिकवतात आणि रात्री विखुरतात. विखुरलेल्या माशांना एकाच वेढ्यात पकडणे कठीण असते. प्रखर दिवा त्यांच्यासाठी भर रात्री दिवस उगवतो. मासे जवळ येतात, घोळका करतात आणि तिथेच घुटमळतात. दिवसा मोठ्या माशापासून वाचवणारी थव्याची सवय इथे त्यांच्या जिवावर उठते, कारण पर्ससीनचे जाळे थव्याच्या भोवती गोल फिरते आणि खालची दोरी आवळली की तळाचे तोंड बंद होते. वाट कुठेच उरत नाही.

गळाला एक मासा लागतो. ठरावीक आसाच्या जाळ्यात ठरावीक आकाराचा मासा अडकतो, लहान निसटतो. दिवा आणि वेढा एकत्र आले, की मोठा, लहान, अंडी धरलेला, अजून एकदाही अंडी न घातलेला, सगळे एकत्र येतात. त्यातल्या बारक्या माशाला बाजारात भाव नसतो; तो फिशमीलच्या कारखान्याकडे जातो. पुढच्या हंगामात तोच मासा मोठा झाला असता, हा हिशेब त्या रात्रीच्या कमाईत कुठेच मांडलेला नसतो.

स्वस्त झालेला उजेड

दिव्यावर मासेमारी ही काही नवी गोष्ट नाही. मशाली, कंदील, पेट्रोमॅक्स जगभर वापरले गेले. आफ्रिकेतल्या मोठ्या सरोवरांवर रॉकेलच्या दिव्यांनी छोटे मासे पकडण्याची जुनी पद्धत आहे, आणि जपानच्या समुद्रातल्या माकूल पकडणाऱ्या बोटींचे दिवे उपग्रहातूनही दिसतात. मग आताच ओरड का?

याचे उत्तर इंधनाच्या खर्चात आहे. जुना तारेचा बल्ब एका वॅटमागे साधारण पंधरा लुमेन उजेड देत असे. आजचा चांगला एलईडी शंभराहून जास्त देतो. म्हणजे त्याच डिझेलमध्ये सहा-सात पट उजेड. पूर्वी रात्रभर प्रखर दिवे जाळणे परवडत नसे, आणि तो खर्चच माशांचे थोडेफार रक्षण करत असे. एलईडीने ते कुंपण काढून टाकले. प्रखर निळा एलईडी बनवल्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि ते योग्यच होते. त्या शोधाने घराघरांतले विजेचे बिल कमी केले. पण समुद्रात सर्वांत दूर जाणारा निळा रंगच त्यामुळे स्वस्त झाला, हेही तितकेच खरे.

एलईडीला सरसकट शत्रू ठरवणे मात्र चूक ठरेल. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर संशोधकांनी साध्या जाळ्यांना हिरवे एलईडी लावून पाहिले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नको असलेल्या जिवांचे अडकणे सुमारे ६३ टक्क्यांनी घटले. शार्क आणि पाकट यांच्या बाबतीत तर सुमारे ९५ टक्क्यांनी. तिथे दिवा त्यांना बोलावत नव्हता, जाळे आहे असा इशारा देत होता. कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या दृष्टीने असे प्रयोग इथेही करून पाहण्यासारखे आहेत. दिवा तोच असतो. तो किती मोठा आहे, कोणत्या पाण्यात आहे आणि कोणत्या जाळ्याच्या जोडीला आहे, यावर त्याचे पाप-पुण्य ठरते.

कायदा आहे, पहारा हवा

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत, एलईडी आणि इतर कृत्रिम दिव्यांच्या साहाय्याने मासेमारी करण्यावर बंदी घातली. १२ सागरी मैलांच्या आतला समुद्र राज्याच्या अखत्यारीत येतो. महाराष्ट्राने १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती करून दंड जबर केला. तरीही काळोख्या रात्री उजेडाची रेघ दिसतेच, आणि पारंपरिक मच्छीमारांच्या संघटना, गोव्यातले रापणकार यांच्या तक्रारी थांबत नाहीत.

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो. मासे कमी होण्यामागे एलईडीच आहे कशावरून? समुद्राचे तापमान वाढते आहे, खाड्या प्रदूषित आहेत, ट्रॉलर तळ खरवडत आहेत, तारलीचे उत्पादन तर हवामानानुसार वर्षावर्षाला खाली-वर होतच असते. हे सगळे खरे आहे. पण आजाऱ्याला चार दुखणी असली, म्हणून पाचवे वाढू द्यावे असे कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. उलट साठा आधीच डळमळीत असताना तो एका रात्रीत उपसण्याचे साधन अधिक घातक ठरते. समुद्र तापण्यावर सिंधुदुर्गातल्या अधिकाऱ्याला काही करता येत नाही. बंदरात उभ्या असलेल्या बोटीवरचा जनरेटर मात्र त्याला दिवसाढवळ्या दिसतो.

पहाऱ्याची खरी जागा तीच आहे. रात्री समुद्रात बोटीमागे धावणे खर्चिक आणि धोक्याचे असते. गस्तीनौका दिसताच दिवे विझवता येतात. पण मोठा जनरेटर, दिव्यांच्या माळा आणि पाण्याखाली सोडायचे दिवे बंदरातूनच चढतात आणि बंदरातच उतरतात. बोट निघताना आणि परतताना त्यांची तपासणी झाली, तर निम्मे काम जेटीवरच होईल. दुसरी सोय आकाशात आहे. २०११ मध्ये सोडलेल्या सुओमी एनपीपी या अमेरिकी उपग्रहावरच्या संवेदकातून रात्रीच्या समुद्रातले बोटींचे दिवे टिपता येतात, आणि अनेक देशांच्या समुद्रांवर त्याचा असा उपयोग झाला आहे. पूर्णपणे पाण्याखालचा दिवा त्यातून सुटू शकतो, ढगही आड येतात. तरीही कोणत्या रात्री, कोणत्या पट्ट्यात उजेड जास्त असतो याचा नकाशा तयार करायला तो पुरेसा आहे. माशाला फसवणारा उजेड बोटीचा पत्ताही सांगतो, याचा फायदा घ्यायला हवा.

त्याचबरोबर गळावरच्या चिमुकल्या दिव्याला आणि जनरेटरच्या प्रकाशझोताला एकाच मापाने मोजू नये. एका माणसाच्या हातातली एक दोरी आणि तिच्या टोकाचा लुकलुकणारा दाणा साठा संपवत नाही. धोरण ठरवताना ‘एलईडी’ या शब्दाला धरून बसण्यापेक्षा एकूण उजेड किती आणि जोडीला जाळे कोणते, हा निकष ठेवला तर तो शास्त्राला धरून होईल आणि पळवाटाही कमी होतील. उद्या एलईडीऐवजी दुसऱ्याच तंत्राचा दिवा आला, तरी नियम लागू राहील.

प्रश्न ताटातल्या माशाचाही

हा वाद किनाऱ्यावरच्या दोन गटांचा आहे, असे शहरातल्या वाचकाला वाटू शकते. पण दिव्याकडे ओढले जाणारे मासे बहुतांशी तारली, बांगडा यांसारखेच आहेत. म्हणजे ज्यांना पापलेट आणि सुरमई परवडत नाही, त्यांच्या ताटातले. हृदय आणि मेंदूसाठी उपयुक्त अशी ओमेगा-३ मेदाम्ले या तेलकट माशांत भरपूर असतात, ड जीवनसत्त्व असते, चांगली प्रथिने असतात आणि बारीक मासा काट्यासकट खाल्ला तर कॅल्शियमही मिळते. औषधाच्या दुकानातल्या माशांच्या तेलाच्या कॅप्सूलचा पैसा वाचवणारा हा गरिबाचा पौष्टिक आहार आहे. त्याची पिल्ले फिशमीलच्या पोत्यात गेली, तर नुकसान होड्यांपुरते राहत नाही. ते बाजारातल्या वाट्याच्या भावात आणि पुढे घरातल्या मुलांच्या ताटात दिसते.

हौशी गळवाल्यालाही यातून थोडे शिकता येईल. नवे आमिष घेण्याआधी त्याने थाळी सोडून पाणी बघावे, चंद्र बघावा, भरती बघावी. पाणी नितळ असेल तर मंद हिरवा दिवा पुरे, गढूळ असेल तर वासाचा चारा बरा. लहान मासा लागला तर सोडून द्यावा, आणि तुटलेल्या आमिषातली बॅटरी पाण्यात टाकू नये. पाणी ओळखणाऱ्याला मोठ्या दिव्याची गरज क्वचितच पडते.

मोठे दिवे लावणाऱ्यांना पाणी ओळखण्याची गरजच वाटत नाही; ते डिझेलच्या जोरावर रात्रीचा दिवस करतात. कोकणचा समुद्र दक्षिणेकडे नितळ आहे, ही त्याची संपत्ती आहे. त्याच नितळपणामुळे तिथला मासा दिव्यापुढे अधिक उघडा पडतो. म्हणून त्या पट्ट्यावर पहाराही अधिक हवा, आणि तो मासेमारीचा हंगाम सुरू होतानाच जेटीवर उभा राहायला हवा. अमावास्येच्या रात्री क्षितिज काळे दिसले, तर पहाटे होडी घेऊन निघणाऱ्याला समुद्रात काही शिल्लक असेल अशी आशा तरी धरता येईल.